रॉयल ॲस्कॉट बघायला जायचंय: दिवस, तिकीट, साडी, ट्रेन, सगळंच विचारतोय

फोंड्याचा_रेसप्रेमी

नमस्कार मंडळी. पुढच्या जूनमध्ये आई-बाबांना घेऊन इंग्लंडला जायचं घाटतंय. मुक्काम स्विंडनला मावसबहिणीकडे. बाबांना घोड्यांचा नाद जुना, महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेस त्यांना पाठ आहेत. रॉयल ॲस्कॉटचा, म्हणजे तिथल्या पाच दिवसांच्या घोडेशर्यतींचा, एक दिवस त्यांना दाखवायचा आहे.

विचारायचं ते असं: पाच दिवसांपैकी कुठला दिवस? तिकिटाचे चार प्रकार दिसतात, त्यातलं कुठलं घ्यावं? आई साडीशिवाय काही नेसत नाही, ते चालेल का? स्विंडनहून ट्रेनने एका दिवसात जाऊन येता येईल का? आणि बाबांना पाच-दहा पौंड लावायचे झाले तर तिथली पद्धत काय? कृपया ऐकीव नको, नेमकं सांगा.

मांडवीपार

आधी तिकीट, कारण दिवस नंतरही ठरवता येतो, तिकीट चुकलं तर पूर्ण दिवस चुकतो.

प्रेक्षकांचे चार भाग (एन्क्लोजर) आहेत. रॉयल एन्क्लोजर पैसे मोजून सहज मिळत नाही, जुन्या सभासदाची शिफारस लागते. ते डोक्यातून काढा आणि कुणी ‘मिळवून देतो’ म्हणाला तर त्यालाही काढा. विंडसर एन्क्लोजर सगळ्यांत स्वस्त. तिथे कपड्यांची सक्ती नाही, हिरवळीवर चादर पसरून घरचा डबा खाता येतो. पण ते सरळ धावपट्टीच्या कडेला, विनिंग पोस्टच्या बरंच अलीकडे आहे. घोडे समोरून सुसाट जातात आणि निकाल मोठ्या पडद्यावर बघावा लागतो. व्हिलेज एन्क्लोजर ट्रॅकच्या आतल्या बाजूला, म्हणजे मुख्य स्टँड तुमच्या समोर. ते पाचही दिवस उघडं नसतं. उरलं क्वीन ॲन एन्क्लोजर.

तुमच्या बाबांसाठी क्वीन ॲनच घ्या. कारण एकच, पॅडॉक. ॲस्कॉटला परेड रिंग स्टँडच्या मागच्या बाजूला आहे. घोडे तिथे फिरवतात, जॉकी तिथेच चढतात आणि मग घोडे स्टँडखालच्या बोगद्यातून ट्रॅकवर जातात. क्वीन ॲनच्या तिकिटावर रिंगच्या कठड्यापाशी उभं राहता येतं. महालक्ष्मीला पॅडॉकपाशी उभं राहून घोड्याची चाल, घाम, कान बघणाऱ्या माणसाला विंडसर एन्क्लोजरमध्ये बसवणं म्हणजे जेवायला बोलावून ओसरीवर बसवणं.

एक मात्र लक्षात असू द्या. क्वीन ॲनच्या तिकिटात खुर्ची मिळत नाही. स्टँडच्या पायऱ्या आणि हिरवळ, जागा मिळेल तिथे. सकाळी साडेदहाला दारं उघडतात आणि पहिली रेस अडीचला असते. आई-बाबांना बसायला जागा हवी असेल तर अकरा-साडेअकराच्या आत आत शिरा.

दिवस: मंगळवार ते शनिवार, साधारण जूनच्या तिसऱ्या आठवड्यात. गुरुवारी गोल्ड कप असतो. ही रेस १८०७ पासूनची, अंतर जवळजवळ अडीच मैल, म्हणजे ४ किलोमीटर. त्याच दिवसाला लोक लेडीज डे म्हणतात, त्यामुळे गर्दी आणि भाव दोन्ही चढे. शनिवारी तरुण मंडळी, दारू आणि आवाज जास्त. घोड्यांसाठी जाणाऱ्याने मंगळवार किंवा बुधवार धरावा. मंगळवारची सुरुवातच क्वीन ॲन स्टेक्सने होते, सरळ एक मैल. याच रेसमध्ये २०१२ साली फ्रँकेल हा घोडा ११ लांब्यांनी (एक लांबी म्हणजे घोड्याच्या अंगाएवढं अंतर) जिंकला होता. बुधवारी प्रिन्स ऑफ वेल्सेस स्टेक्स आणि रॉयल हंट कप. हंट कपात तीसच्या आसपास घोडे एकदम सुटतात, असं दृश्य आपल्याकडे बघायला मिळत नाही.

केपेची_सून

कपड्यांचं मी सांगते. साडी चालते. परदेशी पाहुण्यांनी आपल्या देशाचा औपचारिक पोशाख घालावा, असं त्यांच्याच नियमात आहे. पण क्वीन ॲनमध्ये बायकांचं पोट उघडं दिसता कामा नये, असाही नियम आहे. त्यामुळे ब्लाऊज लांब शिवून घ्या, कमरेपर्यंत येईल असा, आणि पदर पिन लावून पक्का करा. दारावरचा माणूस साडी बघून अडवणार नाही कदाचित, पण त्याच्याशी हुज्जत घालायची वेळ का आणा? अगदी पातळ, आरपार दिसणारं कापडही टाळा.

त्या भागात बायकांनी डोक्यावर टोपी, हेडपीस किंवा फॅसिनेटर (केसांत खोचायचा छोटा शोभेचा साज) घालायचा असतो. (चार इंच व्यासाचा घट्ट तळ हवा, हा नियम रॉयल एन्क्लोजरचा आहे, तुम्हाला लागू नाही.) साडीवर टोपी विचित्र दिसते. अंबाड्यावर कृत्रिम फुलांचा छोटा फॅसिनेटर बसवला की साडीशीही जमतं. खरी फुलं गोव्याहून नेऊ नका. तसं बघायला गेलं तर त्याच सुमारास आपल्याकडे सांजांव (सेंट जॉनचा सण) असतो. तिकडे टोप्या, इकडे कोपेलं, म्हणजे डोक्यावरचे फुलांचे मुकुट!

पुरुषांना पूर्ण सूट, कॉलरचा शर्ट आणि टाय. मोजे घोटा झाकतील असे हवेत. बिनमोज्यांचे लोफर्स घालून आलेल्यांना तिथे अडचण येते. जीन्स आणि स्पोर्ट्स शूज चालत नाहीत. बंद गळ्याचा जोधपुरी आपला औपचारिक पोशाख म्हणून चालावा, पण बाबांकडे सूट असेल तर तोच घाला, प्रश्नच मिटला.

आईंच्या चपलांकडे साडीपेक्षा जास्त लक्ष द्या. सगळीकडे हिरवळ आहे. टोकदार टाचा मातीत रुततात आणि पाऊस झाला असेल तर रुतून बसतात. सपाट किंवा रुंद टाचेचे सँडल घ्या. नवे कोरे नकोत, दिवसभर उभं राहणं आहे. शिवाय एक शाल. जून असला तरी दुपारी वारा सुटला की आपल्याला गारठायला होतं. छत्री लहान घडीची घ्या, गोव्याच्या पावसातली लांब दांड्याची काळी छत्री त्या गर्दीत उघडताही येत नाही.

रूळावरचा

स्विंडनहून सहज होतं. लंडनला जायचंच नाही. स्विंडन ते रेडिंग ग्रेट वेस्टर्नची गाडी, साधारण अर्धा तास. रेडिंगला उतरून साउथ वेस्टर्नची लंडन वॉटर्लूकडे जाणारी गाडी पकडायची. ती ॲस्कॉटला थांबते, साधारण पंचवीस-तीस मिनिटं. बदलायला लागणारा वेळ धरून दीड तास हाताशी ठेवा.

उलटीकडून येणाऱ्यांसाठी: वॉटर्लूहून ॲस्कॉट तासाच्या थोडं आत. साउथॉल-हाउन्स्लोकडे नातेवाईक असतील (गोंयकारांचे असतातच) तर फेल्थम स्टेशनवरून चढा, वाट निम्मी होते. हीथ्रोच्या मधल्या बसस्थानकावरून २८५ नंबरची लाल बस फेल्थमला जाते. फक्त ऑयस्टर कार्ड फेल्थमच्या पुढे चालत नाही. ॲस्कॉटपर्यंतचं ट्रेनचं तिकीट काढूनच बसा.

स्टेशनवरून रेसकोर्स सात-दहा मिनिटांचा रस्ता, पण चढणीचा. वडीलधाऱ्यांच्या पावलाने वीस मिनिटं धरा.

खरी अडचण परतीची. शेवटची रेस सहानंतर होते आणि सगळे एकदम स्टेशनकडे निघतात. फलाटावर एकदम सोडत नाहीत, बाहेर रांगा लावतात. त्यात उभं राहण्यापेक्षा रेस संपल्यावर बँडस्टँडपाशी गाणी होतात, तिथे थांबा. हजारो लोक हातातली छोटी निशाणं हलवत एकत्र गातात. तासाभराने रांग ओसरते. जूनमध्ये तिकडे रात्री नऊपर्यंत उजेड असतो, अंधाराची काळजी नाही. रेडिंगहून स्विंडनच्या गाड्या उशिरापर्यंत आहेत, पण आदल्या रात्री वेळापत्रक बघा. रुळांची कामं निघाली की गाडीऐवजी बस देतात.

एक घोळ टाळा. विंडसर गावात वेगळा रेसकोर्स आहे. ॲस्कॉटचं ‘विंडसर एन्क्लोजर’ तिकीट हातात घेऊन विंडसर स्टेशनवर उतरलात तर दिवस गेला. टॅक्सीवाल्यालाही ‘ॲस्कॉट रेसकोर्स’ एवढंच सांगा.

पेडण्यातून

कागदपत्रांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. भारतीय पासपोर्ट असेल तर स्टँडर्ड व्हिजिटर व्हिसा. प्रवासाच्या तारखेआधी तीन महिन्यांच्या आत अर्ज करता येतो, त्याआधी नाही. म्हणजे जूनच्या मध्याला निघायचं तर मार्चच्या मध्यापासून. निर्णयाला साधारण तीन आठवडे, पण एप्रिल-मे हा सगळ्यांचाच हंगाम. रेसचं तिकीट अर्जाला जोडायची गरज नाही. राहणार कुठे, खर्च कोण करणार, परत का येणार, हे कागदांवरून दिसलं पाहिजे. बहिणीचं पत्र, तिच्या राहण्याच्या परवान्याची प्रत आणि आई-बाबांची बँक स्टेटमेंट्स. अर्जाआधी आठवडाभरात खात्यात अचानक मोठी रक्कम भरली तर तीच शंकेला कारण होते.

घरात कुणाकडे पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर त्याला व्हिसा नको, पण एप्रिल २०२५ पासून ईटीए (प्रवासाआधी ऑनलाइन घ्यायची परवानगी) लागतो. तो फोनवरून काढता येतो. ज्यांना तिकडे कायम राहण्याची परवानगी आहे त्यांना तोही नको. मात्र पोर्तुगीज पासपोर्टवाल्याने भारतात परतण्यासाठी ओसीआय (परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांचं) कार्ड बरोबर ठेवायला विसरू नये, विमानात चढतानाच अडवतात.

आणि बहिणीसाठी चोरीस (गोव्याचं डुकराच्या मांसाचं सॉसेज) न्यायचं मनात असेल तर नका नेऊ. मांस आणि दुधाचे पदार्थ भारतातून तिकडे न्यायला बंदी आहे. काजू न्या.

विमान मुंबईहून पकडणार असाल तर गोवा-मुंबई टप्पा त्याच दिवशीचा ठेवू नका. जूनमध्ये पावसामुळे उशीर होणं ठरलेलं.

फर्लांग

पैजेचं. बाबांना टोट (सगळ्यांच्या पैजांचा एकत्र गल्ला) आणि बुकी (स्वतः भाव लावून पैज घेणारा) हा फरक माहीतच असेल, त्यामुळे फक्त वेगळं काय ते सांगतो.

टोटवर छोटी रक्कम चालते आणि भाव रेस सुटेपर्यंत बदलत राहतो, आपल्यासारखंच. बुकी मात्र फलकावर लावलेला भाव तुमच्या चिठ्ठीवर बांधून देतो. नंतर भाव पडला तरी तुमचा तोच. बुकी रांगेत उभे असतात. एकाकडे ५/१ आणि शेजाऱ्याकडे ११/२ असतं, म्हणून आधी फेरी मारा. ११/२ म्हणजे २ लावले तर ११ नफा. बोलताना घोड्याचं नाव नको, नंबर सांगा: ‘नंबर सात, पाच पौंड, टू विन’. चिठ्ठी मिळाली की तिथेच नंबर आणि रक्कम तपासा. जिंकलात तर लगेच धावू नका. ‘वेड इन’ अशी घोषणा होईपर्यंत पैसे देत नाहीत, कारण जॉकीचं वजन तपासून निकाल पक्का व्हायचा असतो.

लोक फसतात ते ईच-वेमध्ये. ‘पाच पौंड ईच-वे’ म्हणजे दहा पौंड जातात: पाच विनवर, पाच प्लेसवर. प्लेसला पूर्ण भाव मिळत नाही. आठ किंवा जास्त घोडे असलेल्या साध्या रेसमध्ये सहसा पहिल्या तिघांना एक-पंचमांश. सोळा किंवा जास्त घोड्यांच्या हँडिकॅपमध्ये (घोड्याच्या कुवतीप्रमाणे कमी-जास्त वजन लादतात ती रेस) पहिल्या चौघांना एक-चतुर्थांश.

हिशोब करून बघा. साधी रेस, भाव ८/१, पाच पौंड ईच-वे. घोडा जिंकला तर विनचे ४० अधिक मूळ ५, प्लेसचे ८ अधिक मूळ ५, एकूण ५८ हातात. दुसरा किंवा तिसरा आला तर फक्त १३, म्हणजे नफा ३. आता भाव ४/१ धरा. घोडा दुसरा आला तर प्लेसचे ४ अधिक ५, म्हणजे ९. लावले होते १०. घोडा ‘लागला’ आणि तरी एक पौंड गेला! एक-पंचमांश असेल तिथे ५/१ च्या खालच्या भावाला ईच-वे लावू नये. फेव्हरिटला विनच, किंवा काहीच नाही.

दुसरी गोष्ट, ‘रूल फोर’. तुम्ही भाव घेतल्यावर एखादा घोडा रेसमधून काढला गेला तर उरलेल्यांच्या नफ्यातून पौंडामागे ठरावीक पेनी कापतात. काढलेला घोडा जितका फेव्हरिट, तितकी कपात मोठी. हातात कमी पैसे आले म्हणजे बुकीने फसवलं असं नाही.

तिकडे पैज लावणाऱ्याला वेगळा कर नाही, आपल्याकडे मात्र जीएसटी पैजेच्या पूर्ण रकमेवर. फक्त गोव्यात बसून कुठल्या ऑनलाइन खात्यावर पैसे पाठवू नका. लॉटरी, फुटबॉल पूल, स्वीपस्टेक यांसाठी परदेशी पैसे पाठवायला फेमाच्या (परकीय चलन कायद्याच्या) नियमांत मनाई आहे. तिथे पोचल्यावर खिशातली रोख वापरा, पाच-पाचच्या नोटा. ती संपली की थांबा.

डिचोलीचा_घोडा

थोडा वेगळा सूर लावतो. वरचं सगळं बरोबर आहे, पण रॉयल ॲस्कॉट म्हणजे निम्मे घोडे आणि निम्मी घोडेमोडणी (आपला सजवलेल्या लाकडी घोड्यांचा लोकनाच). सजावट बघायची की शर्यत, हे आधी बाबांना विचारा.

फक्त शर्यत हवी असेल तर त्याच मैदानावर जुलैच्या शेवटी एका शनिवारी किंग जॉर्ज सहावे आणि क्वीन एलिझाबेथ यांच्या नावाची रेस असते. दीड मैल, १९५१ पासून चालू, तीन वर्षांचे घोडे मोठ्या घोड्यांशी भिडतात. गर्दी कमी, कपड्यांचा जाच कमी. आणखी हवं तर न्यूमार्केट. सकाळी वॉरन हिलवर घोड्यांचा सराव उघड्यावर, फुकट बघायला मिळतो आणि गावात घोडेशर्यतीचं राष्ट्रीय संग्रहालय आहे. जूनच्या पहिल्या शनिवारी तिकडे असाल तर एप्समच्या डर्बीला मैदानातल्या टेकडीवर तिकीटच लागत नाही.

मांडवीपार

@डिचोलीचा_घोडा, न्यूमार्केट मान्य. पण स्विंडनहून ते इंग्लंडच्या दुसऱ्या टोकाला, आई-बाबांना घेऊन एका दिवसात जमणारं नाही. एप्समची टेकडी फुकट खरी, पण तिथे पॅडॉक नाही आणि सत्तरीतल्या माणसाला दिवसभर बसायला धड जागा नाही. आणि राजघराण्याची मिरवणूकही काही टाकाऊ नाही. १८२५ पासून ती चालत आलीय. बरोबर दोनला चार उघड्या घोडागाड्या सरळ धावपट्टीवरून येतात आणि परेड रिंगमध्ये शिरतात. बाबा त्यात माणसांऐवजी गाडीला जुंपलेले घोडेच बघतील, पैज लावतो.

फोंड्याचा_रेसप्रेमी

देव बरें करूं, सगळ्यांचेच आभार! बाबांना वाचून दाखवलं. मंगळवार, क्वीन ॲन, ठरलं. घोडेमोडणीवर ते हसले, म्हणाले दोन्ही बघू. आता त्यांचे दोन प्रश्न. एका रेसहून दुसरीपर्यंत वेळ किती, पॅडॉक आणि ट्रॅक दोन्ही गाठता येतं का? आणि रेसकार्ड आपल्यासारखंच असतं का?

फर्लांग

दोन रेसमध्ये साधारण पस्तीस-चाळीस मिनिटं. रेस संपली की दहा मिनिटं विश्रांती, मग परेड रिंग. घोडे सुटायला सात-आठ मिनिटं उरली की तिथून निघा, नाहीतर स्टँडमधून पलीकडे जाताना गर्दीत अडकाल. दिवसाला सात रेस आहेत. सातही रेसना ही धावपळ केली तर पाचवीला पाय बोलू लागतील. तीन निवडा, बाकी एका जागी बसून बघा.

रेसकार्डात फरक आहेत. वजन किलोत नाही, स्टोन आणि पौंडात. ९-२ म्हणजे ९ स्टोन २ पौंड, १२८ पौंड, साधारण ५८ किलो. घोड्याच्या नंबरशेजारी कंसातला आकडा म्हणजे ड्रॉ, सुटताना कितव्या खणात उभा आहे तो. नावाआधीचे आकडे मागच्या रेसमधले क्रमांक, सगळ्यांत ताजा उजवीकडे. ० म्हणजे नववाही नाही, मधली आडवी रेघ म्हणजे हंगाम बदलला. अक्षरांत बी म्हणजे ब्लिंकर्स (डोळ्यांच्या बाजूची झापडं), व्ही व्हायझर (फट ठेवलेली झापडं), एच हूड (कान झाकणारी टोपी), टी म्हणजे जीभ बांधलेली.

ड्रॉकडे बाबांनी खास लक्ष द्यावं. सरळ धावपट्टीवर मोठा घोळका दोन गटांत फुटतो, एक स्टँडच्या बाजूने, एक पलीकडच्या बाजूने. दिवसाच्या पहिल्या सरळ रेसमध्ये कुठली बाजू पुढे आली ते टिपून ठेवा, पुढच्या सरळ रेसला उपयोगी पडतं. वळणाच्या रेसमध्ये गणित वेगळं. मैदान महालक्ष्मीसारखंच उजव्या वळणाचं, पण सपाट नाही. स्विनली बॉटम नावाच्या खोलगट भागातून पुढे शेवटपर्यंत चढ, आणि शेवटची सरळ वाट जेमतेम अडीच फर्लांगांची (एक फर्लांग म्हणजे मैलाचा आठवा भाग). मागे राहून शेवटी झेप घेणाऱ्या घोड्याला जागा कमी पडते. लांबच्या रेसमध्ये आधी दम बघा, मग वेग.

केपेची_सून

तिकीट फोनवर येतं. बाबांच्या, आईंच्या दोघांच्याही तिकिटाचा फोटो काढून तुमच्या फोनमध्ये ठेवा आणि पॉवर बँक बरोबर घ्या. संध्याकाळी परतीचं ट्रेनचं तिकीटही त्याच फोनवर असतं, आणि दिवसभर घोड्यांचे व्हिडिओ काढून तो साडेपाचलाच झोपलेला असतो.